कादंबरी वाचून झाली, आता मार्क कशाचे द्यायचे?

नववीच्या वर्गात अख्खी कादंबरी वाचायला घेतली की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो तो मार्कांचाच, की हे सगळं वाचून घेणार पण तपासणार कसं? प्रश्न रास्त आहे. कुमारभारती या मराठीच्या पाठ्यपुस्तकातला धडा चार पानांचा, खाली कृती दिलेल्या, परीक्षेच्या कृतिपत्रिकेचा साचा ठरलेला. कादंबरीला तसा साचा नसतो, मग आपण काय करतो तर धड्याचाच साचा ताणून तिच्यावर बसवतो, म्हणजे रिकाम्या जागा भरा, कोण कोणास म्हणाले, अमक्याचं स्वभावचित्र रेखाटा. मी कोपरखैरणेत मराठी शिकवते आणि माझं आता ठाम मत झालंय की असल्या प्रश्नांनी पोराने पुस्तक वाचलं की यूट्यूबवरची समरी ऐकली एवढंसुद्धा कळत नाही, त्याला पुस्तक समजलं का हे तर लांबच राहिलं.

आम्ही 'बनगरवाडी' वाचली. व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ची. निवडली कारण आकाराने छोटी, सांगणारा एक तरुण शाळामास्तर, माणदेशातली धनगरांची वाडी, आणि माझ्या वर्गातली बरीच पोरं माथाडी कामगारांच्या घरातली. आजोबा माण-खटाव नाहीतर आटपाडीकडून आलेले, वडील वाशीच्या मार्केटात, कुणी कांदा-बटाट्यात, कुणी मसाल्यात. बाकीची इथलीच आगरी घरातली, थोडी यूपी-बिहारकडची. एका बाकावर एक कॉपी, लायब्ररीचा तास आणि मिळेल तो ऑफ तास, असं करत करत वाचली.

वाचायला लागलो त्याच दिवशी प्रत्येकाला एक साधी वही करायला लावली, आम्ही तिला अंदाजवही म्हणतो. पानावर मधोमध रेघ. डावीकडे आत्ता या माणसाबद्दल मला काय वाटतंय आणि कुठल्या पानावरून वाटतंय ते लिहायचं. उजवी बाजू कोरी सोडायची. पुढे वाचताना मत बदललं तर उजवीकडे दुसऱ्या रंगाच्या पेनाने लिहायचं, तिथेही पान नंबर पाहिजेच. डावीकडचं काहीही खोडायचं नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही. पोरांना हे सुरुवातीला जड जातं, कारण चुकलेलं खोडायची सवय पहिलीपासून लागलेली असते, आणि मला तर नेमकं ते आधीचं मतच बघायचं असतं.

एका मुलीच्या वहीतलं एक पान सांगते. वाडीच्या कारभाऱ्याबद्दल डावीकडे लिहिलेलं, "चांगला माणूस आहे, नवीन मास्तरला मदत करतो." मग अंजीच्या चोळीचा प्रसंग आला, म्हणजे कारभाऱ्याची पोरगी मास्तरला चोळी शिवून आणायला सांगते, तो आणतो, आणि वाडीत नको ती कुजबुज सुरू होते. त्या दिवशी उजवीकडे लाल पेनाने आलं, "कारभारी वाईट आहे, दुसऱ्याचं ऐकून मास्तरवर संशय घेतो." आणि पुढे बरीच पानं वाचून झाल्यावर त्याच्याच खाली, अक्षर बारीक करून, कारण जागाच उरली नव्हती, "वाईट नाही. त्याला मुलगी आहे आणि सगळी वाडी बघतेय. पण त्याने मास्तरला आधी विचारायला पाहिजे होतं." तिन्ही नोंदींपुढे पान नंबर. आता याच मुलीला पेपरात स्वभावचित्र विचारलं असतं तर करारी, न्यायी, प्रेमळ असे शब्द लिहून तिने फुल मार्क घेतले असते आणि मला काहीच कळलं नसतं. या तीन ओळींत तिचा विचार कसकसा सरकत गेला ते सगळं दिसतंय, बापाची बाजू पण कळली आणि तरी तो कुठे चुकला हेही तिने सोडलं नाही. मी मार्क देते ते या सरकण्याला. मत माझ्यासारखं आहे का, याला नाही.

दुसरी गोष्ट तोंडी. नववी-दहावीला लेखी ८० आणि तोंडी-अंतर्गत २० असतात, आणि त्या विसांकडे आपण सगळे जरा हलक्यात बघतो, सरसकट सतरा-अठरा टाकून मोकळे. मला वाटतं कादंबरीसाठी सगळ्यात उपयोगाचं हत्यार तेच आहे. पोराच्या हातात पुस्तक द्यायचं, शेजारी बसवायचं, तीन-चार मिनिटं बोलायचं, आणि तो काहीही म्हणाला की एकच विचारायचं, "हे तुला कुठे कळलं? दाखव." बस. ज्याने वाचलंय तो पानं उलटायला लागतो, लगेच सापडलं नाही तरी साधारण कुठे आहे ते त्याला माहीत असतं. समरीवाला पुस्तक मिटून वर बघत बसतो.

वर्गात एक मुलगा आहे, लिखाण म्हणाल तर दोन ओळींच्या पुढे जात नाही, ऱ्हस्व-दीर्घाची बोंब, लेखी पेपरात कायम काठावर. तोंडीला बसला आणि दुष्काळाच्या भागावर असा काही बोलला की मी पेन खाली ठेवलं. आजोबांनी त्याला ७२चा दुष्काळ सांगितलेला, चारा नाही म्हणून सगळेच जनावरं विकायला काढतात आणि मग भाव पडतो वगैरे. ऐकायला फार छान वाटलं, पण इथे शिक्षकाने सांभाळायला पाहिजे. हे आजोबांचं झालं, पुस्तकातलं काय? नाहीतर ज्यांचं गाव माणदेशात त्यांना घरबसल्या मार्क आणि शेजारच्या बाकावरच्या आगरी पोरीने काय करायचं, तिच्या घरी भातशेती आणि खाडीच्या गोष्टी. म्हणून मी विचारलं, पुस्तकात हे कुठे दिसतं, तर त्याने शोधून वाडीतल्या शेकूची बायको स्वतः बैलाच्या जोडीला औत ओढते तो भाग काढला आणि म्हणाला, "मॅडम, इथे अजून दुष्काळ आला नाहीये, पण एक बैल नसला तर काय होतं ते आधीच दाखवून ठेवलंय." मी त्याच्या नोंदीत हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं. शुद्धलेखनाचे मार्क मी वेगळ्या रकान्यात ठेवते, ते कमी पडले तर पडू देत, पण त्यामुळे वाचनाचे मार्क कापायचे हा अन्याय आहे.

आणि हे काही मी नवीन काढलेलं नाही. आपल्याकडे २०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यातल्या आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर होणाऱ्या तपासणीच्या, तंत्रांत निरीक्षण, तोंडीकाम, प्रकल्प यांच्यासोबत पुस्तकासह चाचणी स्पष्ट दिलेली आहे. कागदावर कधीचीच आहे! मी तीच नववीला लावते. पुस्तक उघडं, एकच प्रश्न: शेवटी वाडी रिकामी होते, मग मास्तरने केलेलं सगळं फुकट गेलं का? किमान दोन ठिकाणं पुस्तकातून दाखवा, त्यातलं एक तुमच्या मताच्या विरुद्ध जाणारं पाहिजे. हे विरुद्ध ठिकाण शोधताना खरी परीक्षा होते. बरीच पोरं तालमीवर आली, सगळ्यांनी राबून बांधली, औंधचे राजे उद्घाटनाला आले आणि शेवटी कसरत करायला माणूसच नाही. एकाने तेच ठिकाण दोन्ही बाजूंनी वापरलं, बांधताना वाडी एकत्र आली हे खरं आणि ती तालीम आता ओस हेही खरं, त्याला मी सगळ्यात वरचे मार्क दिले.

थर्माकोलची वाडी, चार्टपेपरवरची चित्रं याला मी मार्क देत नाही, करायची तर हौसेने करा. अर्धं काम आई-बाबांचं असतं आणि त्यातून वाचन कळत नाही. अमोल पालेकरांचा १९९५चा सिनेमा आहे तो मात्र पुस्तक संपल्यावरच दाखवते, आणि मास्तरच्या मनात चाललेलं काय काय पडद्यावर आलं नाही ते विचारते, न वाचलेल्याला त्याचं उत्तर येणं अवघड.

वेळ लागतो हे मान्य. भरलेल्या वर्गाची तोंडी एका आठवड्यात उरकत नाही, मी रोज चार-पाच जणांना बसवते, बाकीचे तेव्हा वही लिहितात. पालक येऊन विचारतात की माझ्या मुलाला तोंडीला कमी का, तर वही उघडून दाखवते, इथे मत आहे, पान नाही. तेवढ्यावर बहुतेकांना पटतं.

प्रगतिपुस्तकात "वाचनाची आवड आहे" हे मी आता लिहीत नाही, त्यातून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काहीच मिळत नाही. त्या मुलीच्या नावापुढे यंदा लिहिलं, "पात्राबद्दलचं मत पुराव्यावरून बदलते, विरुद्ध बाजू स्वतःहून मांडते, निवेदकाच्या बोलण्यावर मात्र अजून लगेच विश्वास ठेवते." दहावीला तिला या शेवटच्या गोष्टीवर काम करायचंय.