जांभ्याच्या भिंती आणि वाय-फाय: बूस्टर घेण्याआधी वायर टाकून बघा

कोकणात आता बऱ्याच गावांत फायबर पोचलंय, आमच्याकडे गुहागर तालुक्यातही आलं आणि तेव्हापासून ज्या घरी जावं तिथे एकच बोलणं, ओटीवर मस्त चालतं पण आत माजघरात रेंज नाय. आमच्या काकांच्या घरी पण हेच. मग कोणीतरी सांगतं बूस्टर घ्या, कोणी सांगतं चार अँटेनावाला राउटर घ्या, कोणी म्हणतं प्लॅन वाढवा आणि लोक खरंच प्लॅन वाढवतात, दर महिन्याला दोन-तीनशे जास्त भरतात आणि स्वयंपाकघरात तरीही व्हिडिओ फिरतच राहतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे काम हजार रुपयांच्या आसपास होऊ शकतं आणि एकदाच करायचं असतं. म्हणून काकांच्या घरी जे केलं ते सगळं नीट लिहितोय.

पहिल्यांदा हे बघा की दुखणं नक्की कुठे आहे. राउटरच्या शेजारी उभं राहून स्पीड टेस्ट घ्यायची, जमलं तर लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून घ्यायची. तिथे प्लॅनचा स्पीड मिळत असेल तर कंपनीची लाईन ठीक आहे, अडचण घराच्या आत आहे. तिथेच मिळत नसेल तर खालचं काहीही करून उपयोग नाही, आधी कंपनीला फोन करा.

नंतर अँड्रॉइडवर वाय-फाय ॲनालायझरचं कुठलंही फुकट ॲप टाका आणि घरभर फिरा. त्यात डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, उणे आकडे दिसतात. उणे 40-50 म्हणजे उत्तम, साधारण उणे 67 पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो, उणे 80 च्या खाली गेलं की मोबाईलवर एखादी कांडी दिसते पण काम काही होत नाही. दर 10 डीबीला सिग्नलची ताकद दहापट कमी होते हे लक्षात ठेवा, म्हणजे उणे 50 आणि उणे 80 यातला फरक हजारपटीचा आहे. काकांकडे ओटीवर उणे 42, माजघरात उणे 70 च्या पुढे आणि मागच्या स्वयंपाकघरात उणे 85. हे आकडे कागदावर घराचा नकाशा काढून त्यात लिहिले तेव्हाच सगळं स्पष्ट दिसलं, अंतर काहीच नाही, खाताहेत त्या दोन भिंती.

कारण भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. जुन्या घरांत दीड-दीड फूट जाड, आणि जांभा हा सच्छिद्र दगड, पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा वाय-फायच्या लहरी जास्त शोषते, त्यामुळे मे महिन्यात जेमतेम चालणारं जुलैत बंदच पडतं आणि माणसाला वाटतं पावसाने लाईन खराब झाली. त्यात राउटर दोन बँड देतो, 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ. पाच वाला वेगवान पण भिंतीपुढे लवकर हरतो, 2.4 वाला हळू पण भिंतीतून जास्त आत जातो. तेव्हा लांबच्या खोलीत आहात तर फोन 2.4 वर ठेवा, राउटरच्याच खोलीत असाल तर 5 वर. शहरात फ्लॅटमध्ये आरसीसीचे कॉलम-बीम आणि त्यातलं लोखंड हेच काम करतं.

आता फुकटातलं काम आधी. फायबर लावायला येणारा माणूस जिथून वायर घरात शिरते तिथेच राउटरचा डबा ठोकून जातो, म्हणजे आमच्याकडे ओटीच्या कोपऱ्यात मीटरच्या वर. घराच्या एका टोकाला डबा म्हणजे अर्धं वाय-फाय खळ्यात आणि रस्त्यावर. शक्य असेल तर लावून घेतानाच सांगा की दादा, थोडी जास्त वायर घ्या आणि माजघराच्या दाराजवळ लावा. नंतरही हलवता येतं पण फायबर स्वतः कापू-जोडू नका, ते काम त्यांच्या मशीनचं आहे, आणि काटकोनात दुमडू पण नका, आतली काच तुटते किंवा प्रकाश गळतो. राउटर उंचावर हवा, मोकळा हवा. लोखंडी कपाटाच्या मागे, टीव्हीच्या पाठीमागे, फ्रीजच्या डोक्यावर, आरशाच्या शेजारी ठेवू नका, धातू आणि पाणी हे दोन्ही शत्रू. मायक्रोवेव्ह ओव्हन 2.4 च्याच पट्ट्यात चालतो, त्याच्यापासून पण लांब ठेवा. अँटेना सरळ उभी ठेवा, तिचा सिग्नल आडवा चौफेर पसरतो, टोकातून निघत नाही, त्यामुळे अँटेना खोलीकडे रोखून धरण्यात काही अर्थ नाही. दुमजली घर असेल तर एखादी आडवी करून बघायला हरकत नाही.

डोंबिवलीला बहिणीच्या फ्लॅटमध्ये मात्र गोष्ट वेगळी होती. तिथे भिंतीपेक्षा शेजाऱ्यांचे राउटर जास्त त्रास देत होते, ॲपमध्ये बघितलं तर नावांची रांगच. तिथे राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन 2.4 चा चॅनल ऑटोवरून काढून 1, 6 किंवा 11 यातला जो सगळ्यात मोकळा तो लावायचा, कारण एकमेकांवर न चढणारे हे तीनच, आणि चॅनल विड्थ 40 ची 20 करायची. पाच मिनिटांचं काम आहे, खर्च शून्य. गावात ही गरज सहसा पडत नाही, चारी बाजूला बाग असते.

ॲल्युमिनियम फॉइलचं पण सांगतो कारण ते व्हिडिओ सगळ्यांकडे फिरतात. अँटेनामागे फॉइल लावलं की सिग्नल वाढत नाही, एका बाजूचा दुसऱ्या बाजूला वळतो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये 2017 मध्ये संशोधकांनी घराच्या आकाराप्रमाणे आकार दिलेले फॉइलचे परावर्तक करून दाखवलेत, तेव्हा तत्त्व खरं आहे. राउटर बाहेरच्या भिंतीला टेकून असेल तर पुठ्ठ्याला फॉइल गुंडाळून मागे वाकवून ठेवा, थोडा फरक पडेल. पण दीड फुटाच्या चिऱ्यातून ते काही पार नेणार नाही.

बूस्टर, म्हणजे दुकानात मिळणारा प्लगमध्ये लावायचा रिपीटर, हजार-पंधराशेला येतो. स्वस्तातला एकाच बँडचा असतो, तो राउटरकडून ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे स्पीड साधारण अर्धा होतो. आणि लोक तो लावतात कुठे, तर जिथे रेंज नाही तिथे. तिथे त्यालाच सिग्नल मिळत नाही तर तो पुढे काय देणार. लावायचाच असेल तर अर्ध्या वाटेवर, जिथे उणे 60-65 मिळतंय तिथे लावा. भाड्याचं घर आहे, भोक पाडू देत नाहीत, वायर नकोच, तर ठीक आहे, पण मग निदान दोन बँडचा घ्या.

मोठ्या अँटेनावाल्या राउटरचं पण तेच. वाय-फाय हे दोन्ही बाजूंचं बोलणं आहे. तुम्ही बांधावरून भोंगा लावून हाक मारलीत तरी पलीकडच्याला उत्तर त्याच्या स्वतःच्या घशानेच द्यायचंय. फोनचा रेडिओ छोटा, बॅटरी जपणारा, त्याचं उत्तर राउटरपर्यंत पोचत नाही, म्हणून कांड्या भरपूर आणि चालत काही नाही असं होतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की भिंतीशी भांडू नका, मुख्य राउटरपासून भिंतीतून लॅन केबलची वायर न्या आणि पलीकडे दुसरा राउटर लावा. आणि तो दुसरा राउटर बहुतेकांच्या घरी पडलेला असतो, जुन्या ब्रॉडबँडचा, माळ्यावर नाहीतर कपाटाच्या वर. नसेल तर सेकंड हँड चार-पाचशेत मिळतो.

कोकणातल्या घरांना यात एक मोठा फायदा आहे, माळा. माळ्यावर लाकडी फळ्या, वर कौलं, वायर ओटीवरून माळ्यावर चढवायची आणि मागच्या बाजूला खाली उतरवायची, जाड भिंत फोडायची गरजच पडत नाही. काकांकडे एकाच ठिकाणी भोक पाडावं लागलं, आणि चिरा तसा मऊ, हॅमर ड्रिलला पटकन लागतो. बाहेरच्या भिंतीला भोक पाडत असाल तर बाहेरच्या बाजूला जरा उतरतं पाडा आणि वायर आत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, नाहीतर पावसाचं पाणी वायरीवरून थेट घरात येतं. माळ्यावर उंदीर असतात, ते वायर कुरतडतात, त्यामुळे वायर उघडी टाकू नका, इलेक्ट्रिक फिटिंगच्या पीव्हीसी पाईपातून न्या. आणि विजेच्या वायरीला चिकटून समांतर नेऊ नका, थोडं अंतर सोडा.

वायर कॅट 5ई किंवा कॅट 6 घ्या, दोन्हींवर 1 जीबीपीएस चालतो आणि 100 मीटरपर्यंत चालतो, घरात तेवढी लांबी लागतच नाही. घेताना शुद्ध तांब्याची आहे का ते विचारा. सीसीए लिहिलेली म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा, ती स्वस्त असते पण तार ठिसूळ, वाकवली की तुटते. आम्हाला वीस-बावीस रुपये मीटरने मिळाली. सगळ्यात चांगला उपाय सांगू का, तुमच्या भागात सीसीटीव्ही लावणारा कोणी असेल तर त्याच्याकडे जा, त्याच्याकडे कॅट 6 चे पंधरा-वीस मीटरचे उरलेले तुकडे असतात, आणि टोकांना आरजे 45 कनेक्टर (लॅन केबलच्या टोकाचा प्लग) पण तोच दाबून देतो. क्रिम्पिंगची पकड विकत घ्यायची काही गरज नाही. स्वतः करायचंच असेल तर रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

आता जुना राउटर कसा बसवायचा. आधी मागचं बटण टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबून रिसेट करा. लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला जोडा, सेटिंगमध्ये जा आणि नवीन पासवर्ड लावा. मग त्याचा स्वतःचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, बदला. मुख्य राउटर 192.168.1.1 असेल तर याला 192.168.1.2 द्या, म्हणजे दोघं भांडणार नाहीत. त्यानंतर डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपना असे पत्ते वाटायची सोय, बंद करा, हे सगळ्यात महत्त्वाचं, घरात पत्ते वाटणारा एकच राउटर हवा, नाहीतर कधी चालतं कधी नाही असा घोळ होतो. वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सिक्युरिटी (डब्ल्यूपीए2) मुख्य राउटरसारखीच ठेवा, चॅनल मात्र वेगळा, एकाला 1 तर दुसऱ्याला 11. आणि माळ्यावरून आलेली वायर जुन्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये घाला, वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या वायरीचा) नाही. काही राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असा पर्यायच असतो, तो निवडला की यातलं बरंच आपोआप होतं. जुन्या राउटरचे पोर्ट 100 एमबीपीएसचे असतात, प्रत्यक्षात नव्वदच्या वर थोडं मिळतं, 40-60 च्या प्लॅनला ते भरपूर झालं.

एक होतं, फोन लांब गेला तरी आधी जोडलेल्याच राउटरला चिकटून राहतो. सेटिंगमध्ये ट्रान्समिट पॉवर (सिग्नल सोडायची ताकद) असेल तर दोन्हींची मध्यम करा, मग फोन वेळेवर सोडतो. ऐकायला उलटं वाटेल पण करून बघा.

काकूंच्या स्वयंपाकघरात आता उणे 45-50 मिळतंय. त्यांची मुलगी दुबईला असते, तिथे दुपार असते तेव्हा इकडे संध्याकाळचा स्वयंपाक चालू, आणि इतकी वर्षं काकूंना प्रत्येक कॉलला हातातलं टाकून ओटीवर यावं लागायचं. आता फोन फडताळाला टेकवून ठेवतात आणि भाकऱ्या थापता थापता बोलतात. माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपाचं कारण हेच होतं. शिवाय आमच्या वाडीत मोबाईलचं नेटवर्क आत घरात नसतंच, म्हणून त्यांच्या फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वाय-फायवरून साधा फोन लागायची सोय, चालू करून दिलं. आपल्याकडे एअरटेलने डिसेंबर 2019 मध्ये आणि जिओने जानेवारी 2020 मध्ये हे सुरू केलं, वेगळे पैसे लागत नाहीत, पण कित्येकांच्या फोनमध्ये अजून बंदच असतं. घरात वयस्कर माणूस एकटं असेल तर हे आजच चालू करा, रात्री-बेरात्री साधा फोन लागणं किती महत्त्वाचं आहे ते वेगळं सांगायला नको.

लाईट गेली की दोन्ही डबे बंद, त्यामुळे घरात इन्व्हर्टर नसेल तर राउटरचे छोटे 12 व्होल्टचे यूपीएस मिळतात, हजार-दीड हजारात. घेण्याआधी ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर किती लिहिलेत ते वाचा, काही राउटर 9 व्होल्टचे असतात. हा खर्च मी वरच्या हजारात धरलेला नाही, तो सवडीने करा.

गोठ्यापर्यंत आणि मागच्या मांगरापर्यंत (बागेतल्या खोपटापर्यंत) वायर न्यायची का असं काकांनी विचारलं, ते मी नको म्हटलं. दोन इमारतींमधून उघड्यावरून तांब्याची लॅन केबल नेली की जवळपास वीज पडल्यावर त्यातून झटका येतो आणि दोन्हीकडचे राउटर जळतात, कधी त्याला जोडलेला टीव्ही-लॅपटॉप पण. आमच्याकडे मे अखेरीला आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये विजा फार. तिथे न्यायचंच झालं तर फायबरचा तुकडा आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल यांना जोडणारे डबे) लावायचे, काचेतून वीज जात नाही, फक्त आधाराला लोखंडी तार असलेली फायबर असेल तर ती तार घरात शिरण्याआधी कापायची. आणि गडगडायला लागलं की घरातल्या दोन्ही राउटरचे प्लग काढायचे, आणि जुन्याला आलेली लॅन केबल पण काढून ठेवायची. काकूंनी हे भिंतीवर कागद चिकटवून लिहून ठेवलंय.