तुम्ही विचारलंत म्हणून: हे खरं आहे, की कॉम्प्युटरवर बनवलंय?

लग्नात, लोकलमध्ये, बँकेच्या रांगेत, कुठेही मोबाइलवर माझ्या दीर्घिकेच्या झोताचा, म्हणजे तिच्या केंद्रातून सुसाट बाहेर पडणाऱ्या द्रव्याच्या फवाऱ्याचा, रेडिओ नकाशा दाखवला की हाच प्रश्न. रंग आम्हीच भरतो, कबूल. रेडिओ लहरींना कुठला आलाय रंग? पण झोत खरा. एम 87 या दुसऱ्या एका दीर्घिकेतल्या झोताची सरळ रेघ खगोलशास्त्रज्ञ कर्टिस यांना 1918 साली साध्या फोटोत दिसली होती. तेव्हा कुठे होता कॉम्प्युटर?

हे मी तावातावाने सांगते खरी, पण ते उत्तर एम 87 चं झालं. माझ्या नकाशाचं नाही.

माझा नकाशा खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा. तिच्या 30 तबकड्या म्हणजे 435 जोड्या. पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडी नवं काहीतरी मोजते, तरी मोजमापात भोकं राहतातच. ती अंदाजाने बुजवावी लागतात. अंदाजाला शिस्त असते, असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगायचे.

पीएचडीचं तिसरं वर्ष. माझ्या दीर्घिकेला एकाच बाजूला झोत होता. दुसऱ्या बाजूचा आपल्यापासून लांब पळतो, म्हणून इतका मंद होतो की सहसा दिसतच नाही. मला तो दिसला! सेल्फ-कॅलच्या, म्हणजे आधी एक अंदाजी चित्र (मॉडेल) देऊन त्यावरून तबकड्यांच्या चुका सुधारत नकाशा पुन्हापुन्हा बनवण्याच्या, प्रत्येक फेरीत आणखी ठळक. रात्री दीडला आईला उठवून सांगितलं. मोठा प्रिंट काढला. ग्रुप मीटिंगमध्ये स्लाइड लावली, तर मॅडमनी एवढंच विचारलं, "सुरुवातीला मॉडेल काय दिलं होतंस?"

"मधे एक बिंदू."

त्या काही बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. बिंदू सगळीकडून सारखा. तबकड्यांच्या फेज (लहरी पोचण्याच्या वेळेतले बारीक फरक) त्या सारखेपणाशी जुळवून घेतात आणि खऱ्या झोताची सावली समोरच्या बाजूला उमटते. हे पुस्तकात होतं, मी वाचलंही होतं. एकतर्फी मॉडेल देऊन पुन्हा चालवलं. तिसऱ्या फेरीला माझा तो दुसरा झोत नॉइजच्या खरखरीत विरून गेला.

म्हणजे चूक सापडली, असं तेव्हाची मी म्हणाले. आताची मी तिला विचारते: बिंदू देऊन तू झोत आणलास, मग एकतर्फी मॉडेल देऊन घालवला नाहीस कशावरून? निरीक्षणं वेगळी घेतली, वारंवारता बदलली, तरी तो परत आला नाही. म्हणून नसावा. 'नाही' म्हणायला अजून जीभ रेटत नाही.

तो मोठा प्रिंट मावशीने फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. नवा नेऊन दिला, तर म्हणाली, "राहू दे गं, दोन्हीकडे असलेलाच छान दिसतो."