‘केए पासिंग, त्यात ईव्ही!’

नवीन मॉडेल आलं म्हणून माझ्या जुन्या टाटा नेक्सॉन ईव्हीची, म्हणजे विजेवरच्या गाडीची, धाव काही कमी होत नाही. कमी होतो तो भाव. जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा ३०.२ युनिटांच्या बॅटरीची गाडी १३.९९ लाखांपासून होती, कागदावर रेंज (एका चार्जमधली धाव) ३१२ किलोमीटर. सप्टेंबर २०२४ मध्ये ४५ युनिटांची आली, कागदावर ४८९. तिचीही सुरुवात १३.९९ लाखांपासूनच! तेवढ्याच पैशात दीडपट बॅटरी मिळत असताना माझी जुनी कोण कशाला घेईल?

कोल्हापुरात एका जुन्या गाड्यांच्या डीलरला सहज विचारलं. त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. “ताई, केए पासिंग, त्यात ईव्ही!” म्हणजे गाडी कर्नाटकात नोंदलेली, तर बेळगावातून आरटीओची एनओसी आणा, महाराष्ट्राचा एमएच नंबर घ्या, ते निस्तरायचं कोणी? शिवाय डिसेंबर २०२४ च्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीनंतर जुन्या ईव्हीवर डीलरच्या मार्जिनला १८ टक्के जीएसटी लागतो; नव्या ईव्हीवर मात्र ५ टक्केच. त्याने सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही, घरातले वाचतात.

माझं बेळगावच्या शहापुरात साड्यांचं दुकान आहे. माल बघायला इचलकरंजीला जाणं-येणं असतं आणि त्याला ही गाडी पुरते. येताना निपाणी सोडली की तवंदी घाट चार्ज खातो, टक्के डोळ्यांदेखत उतरतात. जाताना तोच घाट थोडं परत देतो. २०२२ मध्ये नेक्सॉन ईव्ही प्राइम आली तेव्हा तिच्यातलं रीजेनचं (वेग कमी होताना बॅटरीत चार्ज परत जातो त्याचं) कमी-जास्त करणं आम्हा जुन्यांनाही फुकट अपडेटमध्ये मिळालं. आता उतारावर ते वाढवून ठेवते, ब्रेकला पाय क्वचितच लागतो. नव्या मॉडेलमुळे जुन्याचं भलं झालं ते एवढंच. नाही, अजून एक. नव्या गाड्या वाढल्या तशी हायवेवर चार्जरचीही सोय वाढली, आणि प्लग तोच, सीसीएस-२ प्रकारचा.

पण त्या चार्जरवर ओशाळायला होतं. माझ्या गाडीला ८० टक्क्यांपर्यंत जायला तास लागतो, मागे उभ्या असलेल्या नवीनवाल्याचं चाळीस मिनिटांत उरकतं. परवा एक जण काचेवर टकटक करून म्हणाला, “अजून किती वेळ हो काकी?” चहा घेऊन या म्हटलं.

खानापूरचे आमचे भाऊजी रोज बेळगावला नोकरीला येतात. त्यांनी माझीच मागितली. मी म्हटलं, “भाऊजी, माझी मिळायची नाही, पण या भावात दुसरी जुनी मिळेल की! रोजच्या ये-जा करण्याला ती उरून पुरेल. फक्त बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. म्हणून आरसी आणि मीटर दोन्ही बघा, दुसऱ्या मालकाला ती लागू होते का ते लेखी घ्या, बॅटरी तपासल्याचा कागद मागा. आणि घरचा चार्जर गाडीबरोबर आलाच पाहिजे, तो वेगळा विकत घेऊ नका.”