परसातली चौखांबी, नोंद तिसरी : छप्पर

मागच्या नोंदीत चार खांब उभे होते आणि वर तुळयांची चौकट बसली होती. त्यानंतर दोन महिने काही लिहिलं नाही, कारण लाकूड वाळत होतं आणि मी पुण्यात होतो. आता छप्पर चढलंय. एकदा उघडून पुन्हा चढलंय, असं म्हणणं जास्त खरं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: चौखांबी म्हणजे चार खांबांवरचा, भिंती नसलेला मांडव. दापोली तालुक्यातलं गाव, घरामागचं परसू, जांभ्याचा १४ बाय १४ फुटांचा चौथरा. खांब मध्यापासून मध्यापर्यंत १२ फुटांवर. चौकट आणि कोनवासे (कोपऱ्यापासून शेंड्यापर्यंत तिरके जाणारे वासे) ऐनाच्या लाकडाचे, बाकी वासे किंजळीचे. वळचण चारही बाजूंना २ फूट, म्हणजे छप्पर १६ बाय १६. कौलं मंगलोरी, जुनी.

चौपाखी, म्हणजे चार उतारांचं छप्पर का, हे तिघांनी विचारलं. दुपाखी केलं असतं तर होळीआधीच मोकळा झालो असतो हे कबूल. पण उघड्या मांडवाला भिंत नसते, आणि आमच्याकडे जुलैत पाऊस आडवा येतो. दुपाखीच्या दोन्ही उघड्या टोकांतून झड थेट मध्यापर्यंत आली असती. पत्र्याचाही सल्ला मिळाला. वाडीतल्या बऱ्याच घरांवर आता पत्रेच आहेत, वानरांनी कौलं फोडून फोडून लोकांना ती सोडायला लावलीयत. पण पत्र्याखाली पावसात समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि ही जागा मी गप्पांसाठीच बांधतोय.

तर मापं. उतार फुटाला ७ इंच, म्हणजे साधारण ३० अंश. मंगलोरी कौलाला यापेक्षा फार सपाट ठेवू नये, जोरात वारा असला की पाणी सांध्यातून मागे चढतं. मध्यापासून वळचणीपर्यंत आडवं अंतर ८ फूट, म्हणून उंची ४ फूट ८ इंच आणि मधला सरळ वासा ९ फूट ३ इंच १ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). कोनवासा मात्र कर्णावरून जातो. त्याचं आडवं अंतर ११ फूट पावणेचार इंच, लांबी १२ फूट २ इंच ७ सूत. चढायची उंची तीच आणि अंतर जास्त, त्यामुळे कोनवाशाचा स्वतःचा उतार जेमतेम २२ अंश भरतो. हे मला कागदावर कळलं होतं, पण पटलं ते कोनवासा वर धरून पाहिल्यावर. बाजूच्या वाशांशेजारी तो आळशी दिसतो.

ही सगळी मापं शेंड्याच्या मध्यबिंदूपर्यंतची. शेंड्याला मी फणसाचा अष्टकोनी ठोकळा घेतला: चार बाजू कोनवाशांना, चार सरळ वाशांना. कोनवासा ३ इंच जाड, म्हणून अष्टकोनाची बाजूही ३ इंच आणि समोरासमोरचं अंतर सव्वासात. त्याचं अर्धं प्रत्येक आडव्या मापातून वजा करायचं. ठोकळा मेसकाठीच्या टेकूवर चौकटीपासून साडेतीन फूट उंच धरला, समोरासमोरचे दोन कोनवासे एकाच वेळी टेकवले, मग उरलेले दोन. टेकू काढला तेव्हा ठोकळा सूतभरही खाली आला नाही. त्या रात्री मी दोनदा टॉर्च घेऊन बघायला गेलो.

कोनवाशाचा माथा दोन्हीकडे तासावा लागतो, नाहीतर रिपा (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्या) एका कडेवर डुगडुगतात. या उताराला तासायचा कोन २१ अंशांच्या आसपास येतो. ३ इंची कोनवाशाला मधोमध रेघ मारून दोन्ही कडा साडेचार सूत खाली उतरवल्या की झालं. मी रंध्याने केलं. ऐन रंध्याला सहज दाद देत नाही, चार कोनवाशांना दीड दिवस गेला आणि पातं सात वेळा लावावं लागलं.

आता कोनवाशाला येऊन भिडणारे आखूड वासे. आमचे सुतार तात्या त्यांना ‘पोरं’ म्हणतात. २ फुटांवर एक धरला तर प्रत्येक पोर शेजारच्यापेक्षा २७ इंच ६ सूत आखूड. एका पाख्यात मधला एक आणि दोन्हीकडे तीन-तीन, म्हणजे एकूण २४ पोरं, तीन मापांची, प्रत्येक मापाची आठ. मी शहाणपणा करून सगळ्यात लांब आठ एकाच बैठकीत कापली. उभ्या कापाची रेघ मारायची, करवत ४५ अंशांत कलती करायची आणि चालवायची. (सात इंची गोल करवत त्या कलात २ इंच जाडी पूर्ण कापत नाही, शेवटचे दोन-तीन सूत हातकरवतीनेच काढावे लागतात. आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.)

तात्या आले, रचलेली आठ पोरं बघितली आणि म्हणाले, “सगळी उजवीच काढलीस. डाव्या अंगाला काय आरसा लावणार?”

कोनवाशाच्या डाव्या बाजूचा काप उजव्याच्या उलटा असतो. वासा पालथा करूनही जमत नाही, मग उभा कापच उलटा पडतो. चार पोरं वाया गेली. वाया म्हणजे, पुढच्या मापाची डावी करून घेतली, आणि लांब मापासाठी चार नवीन वासे आणले. तेव्हापासून मी प्रत्येक वाशावर खडूने उ किंवा डा लिहितो, आणि जोडीजोडीनेच कापतो.

यानंतर जे झालं त्यासाठी खरं तर ही नोंद लिहितोय.

कौलं काकांच्या जुन्या घराची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा आमच्या पट्ट्यालाही त्याने झोडपलं. काकांचं एक पाखं उघडं पडलं, पुढे त्यांनी पत्रे घातले, आणि उरलेली कौलं गोठ्यामागे रचून ठेवली. एक कौल वजनकाट्यावर ठेवलं: अडीच किलो. रात्रभर बादलीत बुडवून सकाळी ठेवलं: दोन किलो नऊशे. माझ्या छपराचं क्षेत्र २९६ चौरस फूट. कोरड्या कौलांचं वजन एक टनाच्या वर, श्रावणातलं वजन बाराशे किलो.

हा आकडा माहीत असूनही मी पूर्वेचं पाखं एकटंच चढवायला घेतलं, कारण कौलांची रास त्या बाजूला होती. पाच ओळी झाल्या आणि चहाला खाली उतरलो. सहज म्हणून चौकटीचे कर्ण मोजले. दोन्ही १६ फूट ११ इंच ५ सूत असायला हवेत, तसे ते बसवताना होतेही. आता एक ३ सूत वाढला होता. ईशान्येच्या कोपऱ्यात तुळयांच्या जोडात नख जाईल इतकी फट दिसत होती.

चूक माझ्या जोडातच होती. कोपऱ्यावर दोन तुळया अर्ध्या-अर्ध्या कापून एकमेकींवर बसवल्या होत्या आणि मधून एक लाकडी खुंटी. तेवढं वरून येणाऱ्या वजनाला पुरतं. पण कोनवासा कोपऱ्याला नुसता दाबत नाही, बाहेर ढकलतो. चौपाख्यात आडवी तुळई मधून जात नाही, त्यामुळे ते ढकलणं चौकटीनेच पिंपाच्या कड्यासारखं धरून ठेवायचं असतं, आणि कडं जिथे जोडलंय तिथेच माझी एक खुंटी होती. चारही पाखी सारखी भरली असती तर कदाचित हे पुढच्या वर्षापर्यंत लपलं असतं, तेही बाराशे किलो भिजलेल्या कौलांसकट.

कौलं उतरवली. ट्रकवाल्यांचा रॅचेटचा पट्टा चौकटीभोवती आवळून फट मिटवली. फॅब्रिकेटरकडून ४० बाय ५ मिलिमीटरच्या पट्टीचे चार काटकोन करून घेतले, प्रत्येक हात दीड फूट, जस्ताचा मुलामा दिलेले. ते कोपऱ्यांना बाहेरून लावले, प्रत्येक हाताला १२ मिलिमीटरचे दोन बोल्ट. दिसायला बरं नाही. तात्यांनी बराच वेळ बघितलं आणि “रंग दे काळा” एवढंच म्हणाले. मग कौलं चढवली ती चारही पाख्यांवर एक-एक ओळ, गोल फिरत. शेवटी कर्ण पुन्हा मोजले, फरक अर्ध्या सुताच्या आत.

रिपांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका. दहा कौलं जमिनीवर घट्ट मांडून मोजली, मग ओढून सैल मांडून मोजली, आणि मधलं धरलं. माझं साडेबारा इंच निघालं, नऊ ओळी. वळचणीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीएवढी उंच हवी, नाहीतर पहिली ओळ नाक खाली घालते.

गंमत अशी की पाठीवर दोन वेगवेगळे छाप निघाले. मंगळुरात बासल मिशनच्या जर्मन मंडळींनी १८६५ मध्ये कारखाना काढला, मग त्याच घाटाची कौलं अनेकांनी काढली, पण प्रत्येकाचा साचा केसभर वेगळा. एका छापाच्या कौलाची पन्हळ दुसऱ्यात बसतच नाही, खडखडते. शेवटी छाप बघून दोन ढीग केले: एक पूर्व-दक्षिणेला, दुसरा पश्चिम-उत्तरेला. छाप बदलतो तिथे मधे कोनवासा येतो, त्यामुळे कोणाला कळत नाही.

कोनवाशालगत प्रत्येक ओळीत कौल तिरकं कापावं लागतं, ७२ काप. ओलं करून, तोंडाला फडकं बांधून ग्राइंडरने कापली, तरी तीन दिवस लाल शिंका येत होत्या. कापलेले तुकडे घसरतात. कौलाच्या पाठीला कान असतो, त्याच्या भोकातून तांब्याची तार काढून ते रिपेला बांधले. तुकड्यावर कान उरला नसेल तर भोक पाडून घेतलं. वळचणीच्या खालच्या दोन ओळीही बांधल्या. भिंत नसलेल्या छपराला वारा खालून उचलतो. वर एकेका कोनवाशावर बारा कोने (सांधा झाकणारी कौलं) चुना-सिमेंटमध्ये बसवले आणि शेंड्यावर मातीचं गाडगं पालथं.

लाकडाला वाळवीसाठी काजूच्या टरफलाचं तेल दिलं. हातमोजे घाला. मी एका हाताला घातले नव्हते, बिब्ब्यासारखं कोपरापर्यंत उतलं.

परवा वळवाची सर आली, वीसेक मिनिटं. आत तीन ठिकाणी ठिपकलं: दोन तडकलेली कौलं, ती बदलली, आणि एक गाडग्याखाली, तिथला चुना अजून काढायचाय. पागोळ्यांनी चौथऱ्याबाहेर फूटभरावर मातीत सरळ रेघ ओढली. कोपऱ्यांकडे पाणी कमी येतं, पाख्यांच्या मध्यावर मात्र सगळ्यात जास्त पडतं आणि तिथे बोटभर खड्डे पडलेत. पुढच्या खेपेला तिथे चिरे टाकतो.