आधी पटर, मग ड्रायव्हर : आमची वाटचाल

चेंबूरच्या गल्लीत सळई वाकवून क्लब, म्हणजे गोल्फची काठी, करणारी आणि बोळात प्लॅस्टिकच्या चेंडूने गोल्फ खेळणारी पोरं म्हणजे आम्हीच. वडील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर कॅडी, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहणारे. ती संस्था १९२७ सालची, पण आमचं तिच्याशी नातं खांद्यावरच्या बॅगेपुरतं. वडिलांच्याच बरोबरीचे एक जुने कॅडी, आमचे अण्णा, त्यांना भागीदार घेऊन २००९ मध्ये मी एका गॅरेजच्या मागे पत्र्याची शेड भाड्याने घेतली. पुढच्या बाजूला क्लबदुरुस्ती, मागे जाळी लावून नवशिक्यांची शिकवणी.

जाळीचं आधी सांगतो. स्वस्त पडली म्हणून क्रिकेटची आणली. अण्णांनी सेव्हन आयर्नने, म्हणजे मधल्या पल्ल्याच्या क्लबने, पहिलाच फटका मारला आणि चेंडू जाळीतून आरपार जाऊन बाहेरच्या रिक्षाच्या काचेवर बसला. चेंडू ४२.६७ मिलिमीटरचा, जाळीची घरं त्याहून मोठी. उभा जन्म गोल्फमध्ये गेलेल्या आम्हा दोघांना हे सुचलं नव्हतं! रिक्षावाल्याला काचेचे पैसे दिले आणि ट्रॉम्बे कोळीवाडा गाठला. तिथल्या एका मावशींनी बारीक आसाचं जाळं दिलं. आम्ही त्याचं काय करणार हे ऐकून म्हणाल्या, ‘मासे नाय, काय नाय, नुसता चेंडूच धरायचा?’ त्या जाळ्याचा एक तुकडा अजून शेडच्या दारावर आहे.

शिकवायची आमची रीत उलटी, होलपासून मागे. पहिले चार दिवस फक्त पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून होलात ढकलायचा क्लब. लोक तोंड वाकडं करतात. पण ७२ पारच्या, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत संपवायच्या कोर्सवर दर होलला पटरचे दोन फटके धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके, निम्मा खेळ. १०८ मिलिमीटरच्या होलात तीन फुटांवरून चेंडू जात नसेल तर लांब मारून करायचं काय? त्यानंतर चिप, म्हणजे होलाजवळचा छोटा फटका : वजन डाव्या पायावर, हात चेंडूच्या थोडे पुढे, मनगट गप्प. मग सेव्हन आयर्न, तोही हात कमरेपर्यंतच नेऊन. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, सगळ्यात शेवटी.

मधली वर्षं बरी गेली. २०१६ चा पावसाळा मात्र विसरत नाही.

आमच्याकडेच शिकून आमच्याकडेच शिकवायला लागलेला एक मुलगा होता. नाव घेत नाही. पकड कशी धरायची हे त्याची बोटं हातात घेऊन मी दाखवलेलं. त्याने अंधेरीकडे कुणाच्या तरी पैशावर सिम्युलेटर, म्हणजे खोलीत पडद्यावर चेंडू मारायचा गोल्फ, टाकला. एसी खोली, पडद्यावर स्कॉटलंड, पहिल्याच दिवशी हातात ड्रायव्हर. टाकू दे, प्रत्येकाला पोट आहे. पण जाताना आमच्या विद्यार्थ्यांच्या नंबरांची वही घेऊन गेला, ते मनातून जात नाही. बावीस जणांचे तीन उरले. त्यात शेड गळायला लागली, ग्रिपच्या, म्हणजे क्लबच्या मुठीवरच्या रबराच्या, टेपची रिळं भिजली, भाडं दोन महिने थकलं. मी स्वतःचा सेट विकला. अण्णांनी घरी काय सांगितलं मला माहीत नाही, पण तीन महिने त्यांनी एक रुपया घेतला नाही.

त्या दिवसांत अणुशक्तीनगरचे आमचे एक निवृत्त साहेब दर मंगळवारी एक क्लब घेऊन यायचे. ‘ग्रिप बदला.’ ग्रिप चांगली असायची. मी सांगायचो, साहेब, अजून दोन वर्षं चालेल. ते म्हणायचे, ‘हाताला सरकते.’ बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब चालतात. चौदा झाले आणि पंधराव्या मंगळवारी पुन्हा तोच सेव्हन आयर्न आला. मी काही बोललो नाही. वाईसमध्ये (शिकंज्यात) रबराचा तुकडा घालून शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, धरला, आकडी पातं अंगापासून लांब ओढत जुनी ग्रिप चिरली, टेप खरवडली. नवी दुहेरी टेप टोकाच्या बाहेर अर्धा इंच ठेवून आत मुडपली. ग्रिपच्या भोकावर बोट धरून आत टर्पेंटाइन ओतलं, हलवलं, टेपवर उपडं केलं आणि ग्रिप एका दमात चढवली. इथे थांबलं की संपलं, अर्ध्यावर चिकटते. साहेब स्टुलावर बसून बघत होते. दुसऱ्या दिवशी नेला आणि पूर्ण पैसे दिले.

ग्रिपचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, क्लब तळव्यात नाही, बोटांत धरायचा. नवशिके हातोड्यासारखा आवळतात, मग खांदे आखडतात आणि दोष क्लबला. चेंडू उचलायला जाऊ नका, उचलायचं काम लॉफ्टचं, म्हणजे क्लबच्या तोंडाच्या तिरकेपणाचं आहे. आणि कृपा करून आधी ड्रायव्हर घेऊ नका. त्याचा लॉफ्ट जेमतेम दहा अंश, जरा क्लबचं तोंड उघडं राहिलं की चेंडू शेजारच्या फेअरवेवर, दुसऱ्याच होलच्या गवताच्या पट्ट्यात. जुना सेव्हन आयर्न, एक वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब), एक पटर, वर्षभर पुरे. पोरांना मोठ्यांचे क्लब कापून देऊ नका, लांबी कमी होते पण डोकं जडच राहतं.

लॉकडाऊनचं काय सांगायचं, सगळ्यांचं झालं तेच. पुन्हा सुरू केलं तेव्हा सहा जण होते, आता शनिवार-रविवारी जागा पुरत नाही.

सिम्युलेटरवाल्यांचे क्लब हल्ली दुरुस्तीला आमच्याकडेच येतात. एक माणूस गोणीत भरून आणतो, बहुतेक ड्रायव्हरच, डोकी निखळलेली. अण्णा त्यांना हात लावत नाहीत, सरळ चहाला निघून जातात. ते काम मी करतो, आणि पैसे आगाऊ घेतो.