तुरळक ठिकाणी

मंगळवार आणि शुक्रवार हे आमचे कृषी हवामान पत्रिकेचे वार. पुढच्या पाच दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून यायचा, त्याला आम्ही पिकांचा सल्ला जोडायचो आणि दुपारपर्यंत पत्रिका व्हॉट्सॲपच्या गटांवर जायची. बुलढाणा जिल्ह्यात, घाटावरच्या भागात, तेव्हा मी या कामावर होतो. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हा तो पट्टा. बाहेरच्यांना तो जिजाऊंच्या जन्मगावामुळे माहीत असतो. आमच्या कामाच्या दृष्टीने तो शेडनेटचा पट्टा. हिरव्या जाळ्यांखाली मिरची, टोमॅटो, काकडीचं बी तयार होतं, कंपन्यांशी करार करून.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर २०२३. तुळशीची लग्नं लागायला सुरुवात झाली होती. कापसाची वेचणी चालू, तूर फुलोऱ्यात, हरभरा उगवून वीतभर झालेला. थंडीचा मात्र पत्ता नव्हता. पत्रिकेत मी लिहिलं की २६ आणि २७ तारखेला तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस आणि गारपिटीची शक्यता आहे. खाली नेहमीचा सल्ला होता: वेचलेला कापूस कोरड्या जागी ठेवावा, फवारणी पुढे ढकलावी, जनावरं झाडाखाली बांधू नयेत. ही वाक्यं इतक्या वेळा लिहिलेली असतात की बोटं आपोआप चालतात.

शनिवारी संध्याकाळी बापूंचा फोन आला. बापू म्हणजे अर्ध्या एकराच्या नेटचे मालक. मिरचीचा सीड प्लॉट, बाकी चार एकरात कापूस-तूर. वयाने माझ्या वडिलांएवढे, पण मला अहोजाहो करतात. सरकारी कागदावर सही करणाऱ्या पोराला इकडे ‘सर’ म्हणतातच.

"सर, तुमचा मेसेज वाचला. पाणी पडन का हो?"

"शक्यता आहे बापू. तुरळक ठिकाणी."

"तुरळकच ना?"

"हो, तुरळक."

"मंग ठीक आहे. उद्या बायांना कापसालेच लावतो."

फोन ठेवला. त्या संभाषणात काही चुकलंय असं मला तेव्हा अजिबात वाटलं नाही.

रविवारी दिवसभर उकडलं. नोव्हेंबरच्या शेवटी पंखा लावावा लागला की मला धाकधूक होते. दुपारनंतर पश्चिमेला ढगांचे डोंगर उभे राहिले, आणि दामिनी ॲपवर विजांचे ठिपके आमच्याकडे सरकायला लागले. रात्री लाईट गेली. आमच्याकडे थोडा वारा आला, पत्र्यावर पंधरा-वीस मिनिटं पाऊस वाजला आणि थांबला. मी झोपलो. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजलं तर पाच मिलिमीटरही भरलं नव्हतं. वहीत आकडा टाकला. गारपीट: निरंक.

तोवर फोन घणघणायला लागले होते. बापूंच्या गावाकडचे व्हिडिओ येत होते. वावरं पांढरी, रस्ता पांढरा, आणि मागून कोणीतरी ओरडतंय, "काश्मीर झालं रे आपलं काश्मीर!" दरवर्षी कुठे ना कुठे गारा पडतात आणि दरवर्षी हेच वाक्य ऐकू येतं. ज्याचं वावर असतं तो ते म्हणत नाही. माझं ऑफिस आणि ते गाव यांच्यात सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटरचं अंतर असेल.

मोटरसायकल काढली. निम्म्या वाटेपर्यंत नुसता ओला रस्ता. मग एक नाला लागतो. त्याच्या पलीकडे गेलो आणि कडुनिंबाच्या पाल्याचा खच सुरू झाला, जणू कोणी आखून दिलेल्या रेघेपासून. गारपीट अशीच पट्ट्यात येते. ढग चालत जातो आणि त्याच्या पायाखालचं तेवढं जातं.

बापू नेटच्या कडेला उभे होते. नेट उभं नव्हतं. वरच्या जाळीत गारा साठत गेल्या, जाळीला झोळ आला, त्या झोळात आणखी साठल्या, आणि रात्री कधीतरी पाईप वाकून सगळा सांगाडा मिरचीवर बसला. सकाळचे दहा वाजले तरी जाळीच्या घड्यांमध्ये गारांचे ढेपाळलेले ढीग होते, एकमेकींना चिकटलेले. हात घातला तर बोटं बधीर झाली.

मिरचीच्या सीड प्लॉटमध्ये काय चालतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना अर्ध्या एकराच्या नुकसानाचा अर्थ कळायचा नाही. गावातल्या बाया सकाळी सकाळी एकेक कळी चिमट्याने उघडतात, तिच्यातला नर काढून टाकतात, नराच्या झाडाचे पराग लावतात आणि खूण म्हणून दोरा बांधतात. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. महिना-दीड महिना रोज हेच. ज्या मिरचीला दोरा तिचंच बी कंपनी घेते, बाकीची तोडून फेकायची. त्या दिवशी चिखलात लाल दोरे दिसत होते, मिरच्यांसकट गळून पडलेले. एक बाई वाकून ते गोळा करत होत्या. कशासाठी, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

दोन वावरं सोडून एका तरुणाचं नेट उभं होतं. गारांचा आवाज सुरू झाला तसा तो आणि त्याचा भाऊ विळे घेऊन आत शिरले, डोक्यावर घमेली पालथी धरून, आणि जिथे जिथे झोळ दिसला तिथे जाळी खालून फाडत गेले. गारा खाली पडल्या, झाडं झोडपली गेली, पण सांगाडा वाचला. राहिलेल्या फांद्यांवर त्याला थोडंफार तरी निघणार होतं. मी विचारलं, हे सुचलं कसं? तो म्हणाला, "सुचलं नाही सर. तुमचा गारपिटीचा मेसेज वाचून आम्ही दोघं वावरातच झोपलो होतो."

मेसेज तोच होता, बापूंना गेलेलाच.

घरी बापूंच्या सुनेने फ्रीजमधून स्टीलचा डबा काढला. लाईट पहाटे आली होती, त्यामुळे गारा टिकल्या होत्या. अशा डब्यांची मला सवय आहे. पुरावा राहावा म्हणून लोक गारा जपून ठेवतात, पाहुण्यासाठी राखलेल्या लाडवासारख्या. सगळ्यात मोठी गार आवळ्याएवढी होती. मी ती सुरीने मधोमध कापली. बापूंचा नातू जवळ सरकला. "कांद्यासारखी हाय!" तो म्हणाला, आणि खरंच तशी होती, पांढुरक्या आणि पारदर्शक थरांची. मी त्याला सांगितलं की आपल्या डोक्यावर चार-साडेचार किलोमीटर गेलं की या दिवसांत पाणी गोठायला लागतं. ढगातला वारा गारेला वर धरून ठेवतो आणि ती वाढत जाते. पाणी झपाट्याने गोठलं तर हवा आत अडकते, तो पांढरा थर. सावकाश गोठलं तर काचेसारखा. तोलवेनाशी झाली की पडते.

"पण आत्ता कायले? हा काय गारांचा महिना आहे?" बापूंनी विचारलं. आमच्याकडे गारा म्हणजे फेब्रुवारी-मार्च, गहू-हरभरा काढणीला आल्यावर. मी म्हटलं, वरच्या थरातून पश्चिमेकडचे थंड वारे खालपर्यंत उतरले होते आणि खाली समुद्राकडून ओलावा आला होता, दोघांची गाठ आपल्यावर पडली. पश्चिमेकडून येणाऱ्या याच प्रकारच्या प्रणाली हिमाचल-काश्मीरात बर्फ पाडतात.

"म्हणजे पोट्टे काश्मीर म्हणत होते ते अगदीच खोटं नाही," बापू म्हणाले. हसले नाहीत.

चहा झाला. मग त्यांनी फोन काढून माझाच मेसेज माझ्यापुढे धरला. "सर, एक विचारू? राग नका मानू. तुम्ही तर तुरळक लिहिलं होतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे क्षेत्रातल्या फार तर २५ टक्के पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर. २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ ‘बऱ्याच ठिकाणी’, त्यावर ‘बहुतांश ठिकाणी’. हे सगळं जागांबद्दल आहे. पाऊस किती जोराचा, याच्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. पण बापूंच्या, आणि खरं तर माझ्या आईच्याही मराठीत तुरळक पाऊस म्हणजे थोडासा पाऊस. गर्दी तुरळक, केस तुरळक, तसा पाऊस तुरळक. त्यांनी ‘ठिकाणी’ हा शब्द सोडून दिला होता आणि फोनवर मीही सोडला होता. "हो, तुरळक" असं मीच म्हणालो होतो.

मी हे त्यांना समजावून सांगितलं. टक्क्यांसकट. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे शंभरातल्या पंचवीस गावांत आमचं एक."

"हो."

"आणि तिथं जे पडन ते पुरं पडन."

यापेक्षा नेमकी व्याख्या मी अजून वाचलेली नाही.

बाकीचा दिवस कागदांत गेला. कापूस आणि तुरीचा विमा त्या वर्षी एक रुपयात उतरवलेला होता. नुकसानीची सूचना तेव्हा ७२ तासांत द्यावी लागायची, म्हणून बांधावर बसून सहा-सात जणांच्या तक्रारी ॲपवर भरून दिल्या. रेंज एका चिंचेखालीच येत होती. मिरचीचं बीजोत्पादन विम्याच्या यादीतच नव्हतं, त्यामुळे बापूंची सगळी आशा पंचनाम्यावर, आणि तिथे ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान दिसायला हवं. ते दिसण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न एका अधिकाऱ्याने फोनवर विचारलेल्या वाक्याचा होता: "मंडळात पाऊस किती झाला? ६५ मिलिमीटर झाला का?" अतिवृष्टीसाठी महसूल मंडळात ६५ मिलिमीटर लागतात, हे खरं. पण मंडळाचं स्वयंचलित केंद्र दुसऱ्याच गावात होतं, नाल्याच्या अलीकडे. आणि गारेला मिलिमीटर कुठून आणायचे? मी गारेचा फोटो मोजपट्टीसकट पाठवून दिला. माझ्या स्वतःच्या वहीत तर निरंकच होतं. ती नोंद खोटी नव्हती. ती आजही तशीच आहे.

मंगळवारी पुन्हा पत्रिका. अंदाजाच्या चौकटीतले शब्द बदलायची आम्हाला मुभा नव्हती, आणि नसावीच. प्रत्येकाने आपापली मराठी घातली तर गोंधळ वाढेल. म्हणून ‘तुरळक ठिकाणी’ तिथे तसंच ठेवलं. खाली सल्ल्याच्या भागात मात्र लिहिलं: "सगळ्या गावांत पडणार नाही. ज्या गावात पडेल तिथे जोरात पडू शकतो. शेडनेटवाल्यांनी रात्री विळा जवळ ठेवावा." वरिष्ठांनी शेवटचं वाक्य खोडलं. पत्रिकेत विळा बरा दिसत नाही म्हणे. मग मी ते बोलून गटावर टाकलं, माझ्याच आवाजात. लिहिलेल्यापेक्षा बोललेलं लोक जास्त ऐकतात, हेही मला तेव्हाच कळलं.

आठवडाभर आभाळ गेलं नाही. तुरीची फुलं गळत होती, घाटेअळीचे फोन येत होते. ५ डिसेंबरला मिचाँग चक्रीवादळ आंध्रात बापटलाजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा पुन्हा सगळ्यांनी आभाळाकडे बघून घेतलं.

त्याच सुमारास बापूंचा फोन आला. पाईप सरळ करायला जालन्याचा वेल्डर मिळाला होता. पंचनाम्याचं काही कळलं का, ते मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

"सर, थंडी कवा पडन? हरभऱ्याले पाहिजे."

"आभाळ मोकळं झालं आणि उत्तरेचा वारा सुरू झाला की लगेच."

"सगळीकडं का तुरळक ठिकाणी?"

"सगळीकडे, बापू. थंडी सगळीकडे पडते."

"मंग बरं हाय," ते म्हणाले, आणि मागे कोणावर तरी ओरडले की पाईप तसा नाही, उलटा धर.