विषम नंबरचा कर्नल बंद झाला ते बरंच झालं

अजूनही कुणीतरी विचारतंच, लिनक्सचा कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा सिस्टिमचा गाभा) ६.७ सारखा विषम नंबरचा असला म्हणजे अनस्टेबल असणार ना, पुढच्या सम नंबरची वाट बघू का. नाही हो, तो नियम जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली. पण तो का मोडला ही मला लिनक्सच्या इतिहासातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटते म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पूर्वी मधला आकडा सम असला की स्टेबल, विषम असला की प्रयोग चालू. २.१, २.३, २.५ डेव्हलपर लोकांसाठी आणि २.०, २.२, २.४ बाकी सगळ्यांसाठी. ऐकायला एकदम चोख, पण विषम सिरीज संपता संपायची नाही. २.४.० आला जानेवारी २००१ ला आणि २.६.० थेट डिसेंबर २००३ ला, आता तीन वर्षं नवीन हार्डवेअर काय थांबून राहणार आहे का, लोकांना नवीन ड्रायव्हर हवेत, सर्व्हरवाल्यांना जास्त प्रोसेसर नीट चालायला हवेत, मग डिस्ट्रोवाले (रेड हॅटसारखे, कर्नलभोवती पूर्ण सिस्टिम बांधून देणारे) २.५ मधलं काय काय उचलून आपल्या २.४ मध्ये बसवायचे. रेड हॅट ९ चंच बघा, कर्नल २.४.२० आणि त्यात नवीन एनपीटीएल थ्रेडिंगसाठी (एकाच प्रोग्रामची अनेक कामं एकाच वेळी चालवण्यासाठी) लागणारे बदल मागून आणून घातलेले. म्हणजे ज्याला आपण स्टेबल म्हणत होतो तो प्रत्येक डिस्ट्रोचा वेगळाच कर्नल होता, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी सोडलेला नव्हेच.

आणि मूळचा २.४ तरी कुठे शांत होता. मेमरी मॅनेजमेंट खऱ्या लोडखाली नीट वागेना म्हणून सप्टेंबर २००१ मध्ये २.४.१० ला रिक व्हॅन रील यांचा व्हीएम (कर्नलचा मेमरी सांभाळणारा भाग) काढून आंद्रेआ आर्कांजेली यांचा बसवला. स्टेबल सिरीजच्या मध्यात! नोव्हेंबरमध्ये २.४.१५ आला तर अनमाउंट करताना (डिस्क सिस्टिमपासून सोडवताना) फाइलसिस्टम खराब व्हायची, लगेच काही दिवसांत २.४.१६ काढावा लागला. माझ्या मते मुळातलं कारण हे की विषम कर्नल वापरणारे फार थोडे, त्यामुळे खरा वापर सुरूच व्हायचा स्टेबलचा शिक्का बसल्यावर, आणि बग तिथे येऊन दिसायचे.

२००४ च्या ओटावातल्या कर्नल समिटमध्ये ठरलं की २.७ उघडायचाच नाही. बदल आधी अँड्र्यू मॉर्टन यांच्या एमएम ट्रीमध्ये (नवे बदल तपासायच्या वेगळ्या प्रतीत) मुरवायचे आणि मग थेट २.६ मध्ये. तेव्हा बऱ्याच जणांना धास्ती वाटली आणि ती चुकीची नव्हती, रिलीजनंतर फक्त दुरुस्त्या कोण देणार हा प्रश्न होताच. त्याचं उत्तर मार्च २००५ मध्ये आलं, ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी २.६.११.१ पासून वेगळी स्टेबल ट्री सुरू केली. तिचे नियम मला फार आवडतात. पॅच शंभर ओळींच्या आत हवा, आणि आताच्या नियमाप्रमाणे तो आधी मेनलाइनमध्ये (टोरवाल्ड्स यांच्या मुख्य कर्नलमध्ये) गेलेला हवा. म्हणजे दुरुस्ती पुढून मागे येते, दोन फांद्या एकमेकींपासून लांब जातच नाहीत.

आता दोन आठवडे मर्ज विंडो (नवे बदल आत घ्यायचा काळ), मग सात-आठ आरसी (रिलीज कॅंडिडेट, म्हणजे रिलीजआधीच्या चाचणी आवृत्त्या), साधारण नऊ-दहा आठवड्यांत नवीन व्हर्जन. काही बिघडलं तर शोधायला दोन महिन्यांचेच बदल असतात, गिट बायसेक्ट (बदल अर्धे-अर्धे करत दोषी बदल शोधणारी कमांड) लावला की नेमका कमिट, म्हणजे तो एक बदल, हातात येतो. तीन वर्षांच्या ढिगात हे कसं जमलं असतं?

डेबियनमध्ये अनस्टेबल, टेस्टिंग, स्टेबल अशा पायऱ्या आहेत आणि तिथे त्या चालतात, कारण पॅकेज सिडमध्ये (अनस्टेबलचंच दुसरं नाव) काही दिवस राहून पुढे सरकतं आणि सिड रोज वापरणारे लोक भरपूर आहेत.

सर्व्हरवर एलटीएसच (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारा कर्नल) ठेवा, त्यात मी वाद घालणार नाही. पण जास्तीचा लॅपटॉप असेल तर त्यावर आरसी टाकून बघाच, स्लीप, वायफाय, ब्राइटनेस, बाहेरचा मॉनिटर एवढं तपासा, कारण तुमचं मॉडेल कदाचित दुसऱ्या कुणी तपासलेलंच नसेल. आरसी-१ ला घाई नको, आरसी-३ पासून सुरू केलं तरी चालतं. बिघाड सापडला तर शेवटचं चांगलं चाललेलं व्हर्जन कुठलं ते नक्की कळवा. डेटाचा बॅकअप मात्र आधी.